उंदराचा डावा कान

मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्ही चौसष्ट वर्षांचे आहात. हसू नका, जमतं ते. मलाही एकेकाळी कठीणच वाटलं होतं. तुम्ही न्हाव्याच्या खुर्चीत बसला आहात. गळ्याभोवती पांढरी चादर आहे आणि दोन्ही हात तिच्याखाली, म्हणजे नाकाला खाज सुटली तरी सोसायचं. चष्मा काढून ठेवलाय, त्यामुळे समोरच्या आरशात एक गुलाबी ढग आणि त्याच्याभोवती फिरणारा दुसरा, मिशीवाला ढग, एवढंच दिसतंय. पावडरीचा वास. मानेवर कात्रीचा गार स्पर्श. बसलात? आता तुम्ही क्लेम नॅनकिव्हेल झालात. पुढचं तो सांभाळेल.

क्लेम थेबर्टन उपनगरातल्या कोपऱ्यावरच्या या दुकानात चाळीस वर्षं केस कापायला येत होता, आणि चाळीस वर्षं पांडेलिस त्याला विचारत होता, "नेहमीसारखेच?" आणि तो म्हणत होता, "नेहमीसारखेच." आज मात्र तो म्हणाला होता, "जरा बरे काप. उद्या फोटो काढणार आहेत." उद्या शुक्रवार. उद्या औषधांच्या संशोधनसंस्थेत, जिथे तो उंदीर सांभाळायचा, त्याचा निरोपसमारंभ. उंदराच्या आकाराचा केक सांगितलाय हे त्याला कळू द्यायचं नव्हतं आणि ते त्याला पंधरा दिवस माहीत होतं. पितळी पाटीही त्याने पाहिली होती, त्याच्या वरिष्ठ रॉझच्या खणात, स्टेपलर शोधताना. 'क्लेम नॅनकिव्हेल. उंदीरघरात एकतीस वर्षं. एकही चूक नाही.' खण बंद करून तो स्टेपलरशिवायच परत आला होता, आणि तेव्हापासून रोज एकदा, बहुधा दात घासताना, ते शब्द मनातल्या मनात वाचत होता.

"त्या अंपायरला डोळे होते की बटाटे?" पांडेलिस शनिवारच्या फायनलबद्दल बोलत होता. बटाटे म्हणताना त्याने कात्री जरा जोरात हवेत उडवली, ती परतताना क्लेमच्या कानाला लागली.

"आई ग!"

"हललास तू."

"मी नाही हललो. तू अंपायरला शिव्या देत होतास."

"अंपायरांना शिव्या मी चाळीस वर्षं देतोय. कान आजच कापला गेला. म्हणजे तूच हललास. एवी, कापूस आण ग!"

एवी, म्हणजे पांडेलिसची आठ वर्षांची नात एव्दोकिया, शाळेला सुट्टी म्हणून दुकानात होती. बाकावर बसून ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याच्या मागच्या बाजूला काळ्या रंगाने दोन मोठे डोळे काढत होती. मॅगपाय पक्षी पिल्लांच्या दिवसांत माणसाच्या डोक्यावर झडप घालतात, आणि घालतात ते नेहमी पाठीमागून. मागेही डोळे दिसले की त्यांना वाटतं हा आपल्याकडेच बघतोय. ती कापूस घेऊन आली आणि क्लेमच्या अगदी समोर उभी राहिली.

"कुठे लागलंय ग?" त्याने विचारलं.

"इथे," ती म्हणाली आणि तिने बोट आपल्या कानावर ठेवलं.

क्लेमने चादरीखालून हात काढून कान चाचपला. कोरडा.

"तिथे नाही हो. इथे!"

त्याने तोच कान पुन्हा चाचपला, या वेळी जरा मागून.

"मिस्टर क्लेम," एवी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी काय आरसा आहे?"

पांडेलिस खो खो हसला. क्लेमही हसणार होता, पण तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. कारण एवी आरसा नव्हती, हे उघडच होतं. पण उंदीरही आरसा नव्हता.

तुम्हीही करून बघा, घाई नाही. मित्राला समोर उभा करा आणि डावा कान धरायला सांगा. तुमच्या नजरेला तो उजवीकडचा कान दिसेल. आरशातला मित्र, म्हणजे तुम्हीच, डावा कान धरता तेव्हा तो डावीकडेच दिसतो. चौसष्ट वर्षं क्लेमने रोज सकाळी ज्या एकमेव तोंडाकडे नीट निरखून पाहिलं होतं ते आरशातलं होतं, दाढी करताना. बाकीच्यांकडे बघताना तो थोडा लाजत असे. डावं-उजवं ही त्याची जुनी दुखरी जागा. मुंटा गावच्या शाळेत कवायतीला सगळी रांग एकीकडे वळायची आणि हा एकटा दुसरीकडे, नाकासमोर नाक येऊन रेमंड ग्रिगशी टक्कर. मग आईने शर्टाच्या उजव्या बाहीला लाल बटण शिवलं. ते बटण इतकं उपयोगी पडलं की आंघोळीच्या वेळी, शर्ट काढल्यावर, त्याला साबण कुठल्या हातात आहे हेही सांगता येईना. लग्नानंतर जॉयलीनने गाडीत बसून पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि चकार शब्द न काढता भाषा बदलली. "माझ्या बाजूला वळ," ती म्हणायची, किंवा "तुझ्या बाजूला." पस्तीस वर्षं ते दोघे असेच सगळीकडे पोचले होते, आणि हे संस्थेत कुणालाही माहीत नव्हतं. कारण उंदीरघरात त्याला कधी अडलंच नाही. तिथे उंदीर शेपटीला धरून उचलायचा असे. शेपटीला धरला की उंदीर तुमच्याकडे पाठ करतो, पळायला बघतो. पाठमोऱ्या उंदराचा डावा तो आपला डावा. एकतीस वर्षं क्लेमने उंदरांचे कान, म्हणजे कुठल्या कानाला ओळखीची खाच आहे ते, मागून वाचले होते आणि एकतीस वर्षं ते बरोबर आले होते.

आणि दहा दिवसांपूर्वी, सोमवारी, ते बोगदे आले.

बोगदा म्हणजे हातभरही लांब नसलेली, पारदर्शक प्लास्टिकची नळी. शेपटीला धरलं की उंदीर घाबरतात, त्यांचा जीव धडधडतो, असं कळल्यावर संस्थेने नियम केला की यापुढे उंदराला नळीत शिरू द्यायचं आणि नळीच उचलायची. क्लेमला हे फार आवडलं. इतकी वर्षं आपण कुणाला तरी शेपटीला धरून उचलतोय याचं त्याला आतून थोडं वाईट वाटतच होतं. नळीतला उंदीर शांत असे. तो पुढच्या टोकाशी येई, मिशा हलवी आणि क्लेमच्या डोळ्यांत बघे. समोरासमोर. पहिल्या दिवशी तर क्लेम मास्कच्या आड त्याला "गुड मॉर्निंग" म्हणाला होता. हे असं समोरासमोर भेटणं किती छान, असं त्याला वाटलं होतं. गाढवा, किती छान.

"रक्त थांबलं," पांडेलिस म्हणाला. "आता उजवी बाजू घेतो. मान सरळ. अरे, सरळ! काय झालं तुला, पांढरा पडलायस. दोन थेंब तर होते."

दोन थेंब. सत्तेचाळीस नंबरच्या रुग्णाचेही असेच, थोडेसेच आले होते. कुठल्यातरी इस्पितळात एका आजारी मुलाचं रक्त बिघडलं, रक्ताचा कर्करोग झाला. नेहमीची औषधं चालेनाशी झाली. मग त्या बिघडलेल्या रक्तपेशींतल्या चिमूटभर पेशी संस्थेत आल्या आणि दहा उंदरांच्या शेपटीच्या शिरेत सोडल्या गेल्या. हे उंदीर साधे नव्हेत. त्यांच्या अंगात परक्याशी लढणारं काहीच नसतं. दार उघडं टाकून झोपलेलं घर जसं. म्हणून माणसाचा आजार त्यांच्यात रुजतो, गादीवाफ्यात रोप रुजावं तसा. आणि म्हणूनच त्यांच्याकडे जाताना क्लेम आंघोळ करून, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि हातात दोन-दोन मोजे घालून जायचा. नुसती शिंक आली तरी पळत बाहेर येऊन शिंकायचा. मग पाच उंदरांना नवं औषध आणि पाच उंदरांना नुसतं खारं पाणी. औषधवाल्यांच्या डाव्या कानाला खाच, पाणीवाल्यांच्या उजव्या. ज्यांना औषध मिळालं त्यांच्या रक्तातला आजार ओसरला, तर ते त्या मुलाला द्यायचं. आधी उंदराने चाखायचं, मग मुलाने. तुम्ही विचारणार, शेवटी उंदरांचं काय होतं? मरतात. त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही. क्लेम प्रत्येकाला मास्कच्या आत "थँक यू" म्हणत असे, आणि ते कुणाला ऐकू जात नाही याची खात्री करून घेत असे.

त्या मुलाचं नाव क्लेमला माहीत नव्हतं, गाव नव्हतं, मुलगा की मुलगी तेही नव्हतं. नियमच तसा. कागदावर दोनच गोष्टी होत्या: नंबर सत्तेचाळीस. वय सहा.

एकवीस दिवस रोज त्याने औषध आणि पाणी पाजलं होतं. पहिले दहा दिवस शेपटीला धरून. मग अकरा दिवस बोगद्यातून, समोरासमोर, आरशात बघावं तसं. म्हणजे अकरा दिवस औषधवाल्यांनी पाणी प्यायलं आणि पाणीवाल्यांनी औषध. आणि काल रॉझ म्हणाली होती, तिचा चेहरा त्याला आता स्पष्ट दिसला, पेनचं टोपण चावत असलेली, "हे औषधही फुकट. दोन्हीकडे सारखंच. उद्या गुरुवारी तीनला डॉक्टर येतील तेव्हा नाही म्हणून सांगते." आणि हा तिच्या शेजारी उभा राहून म्हणाला होता, "अरेरे."

त्याच्या मनात दुसरं एक मन बसलेलं होतं, जरा जाडसर, खुर्चीत रेललेलं. ते म्हणालं, कदाचित तू बरोबर वाचत असशील. एकतीस वर्षांचा हात आहे. क्लेमने मान डोलावली. ते म्हणालं, उद्या केक आहे. क्लेमने पुन्हा मान डोलावली. पाटी तयार आहे, पितळी आहे, पितळेवर खोडता येत नाही. परवापासून तू घरी. कुणाला कळणार? शिवाय औषध तसंही चाललं नसतं कदाचित. हे 'कदाचित' त्याने जिभेवर घोळवून पाहिलं. कापराच्या गोळीसारखी चव लागली. मग त्याला एक विचित्र गोष्ट आठवली. दात घासताना तो पाटी वाचायला लागला त्याच्या आधी, कित्येक आठवडे, तो तेव्हा दुसरंच काहीतरी म्हणत असे: सत्तेचाळीस, सहा. सत्तेचाळीस, सहा. पाटीने ते कधी बाजूला सारलं हे त्याला कळलंही नव्हतं.

"किती वाजले?"

"पावणेबारा. सरळ बस."

"मला जायचंय."

"अर्ध्या डोक्याने?"

क्लेम उठला. चादर गळ्यातच होती, ती पांडेलिसने मागून ओढली. "अरे, डावीकडचेच झालेत! माणसं म्हणतील हे पांडेलिसने केलंय! दुकान बंद पडेल माझं!"

"संध्याकाळी येतो."

"संध्याकाळपर्यंत तू शहरभर फिरणार की मला बदनाम करत!"

एवी धावत दारापर्यंत आली. तिने क्लेमला एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहिलं, मग आपला आइस्क्रीमचा डबा पुढे केला. "हा घाला. केस पण झाकतील आणि शाळेजवळच्या झाडावर ती वाईट मॅगपाय आहे. पण रंग ओला आहे, मागे हात लावू नका."

म्हणून चौसष्ट वर्षांचा तो माणूस, कानाला कापूस, डोक्यावर व्हॅनिला आइस्क्रीमचा डबा, डब्याला मागे दोन टपोरे डोळे, असा भर दुपारी रस्त्याने निघाला. चष्मा दुकानातच राहिला होता. जॅकरांडा अजून फुलायचा होता. फुटपाथ, उन्हं, बसचा लाल ठिपका, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. शाळेजवळ डोक्यावरून पंखांचा फडफडाट गेला, अगदी जवळून, आणि परत फिरला. डोळ्यांनी काम केलं होतं. तिथे त्याला हसू आलं, एकट्यालाच, मोठ्याने. पक्ष्यालाही हे कळतं, तो म्हणाला, की पाठ कुठली आणि तोंड कुठलं. पाय भराभर पडत होते आणि मन मात्र बाजूबाजूने मुंटाच्या मैदानावर चालत होतं, जिथे सगळी रांग एकीकडे वळली होती आणि तो एकटा दुसरीकडे, आणि मास्तर ओरडले होते, "नॅनकिव्हेल, जगाला वळव की मग!" त्या दिवशी तो रडला नव्हता. त्याने रेमंडला सांगितलं होतं, चूक तुझीच. रेमंडने विश्वास ठेवला होता आणि मार खाल्ला होता. साठ-एक वर्षं झाली. रेमंडला ते आठवतही नसेल. क्लेमला त्याच्या नाकावरच्या घामाचे थेंबसुद्धा आठवत होते.

रॉझ, म्हणजे डॉक्टर रॉसलिन फिट्झनर, संगणकासमोर उभ्यानेच सँडविच खात होती. क्लेम दारात थांबला आणि धीर होईना म्हणून आधी दाराकडे तोंड करून ते लावत बसला.

"क्लेम," ती म्हणाली, "तुझं डोकं माझ्याकडे बघतंय."

तो वळला. डबा काढला. रॉझने सँडविच खाली ठेवलं.

"हे उद्यासाठी आहे का? नवी फॅशन?"

"रॉझ, मी उंदीर उलटे वाचले." आणि मग सगळंच बाहेर आलं, न थांबता: कान, कापूस, एवी, आरसा, लाल बटण, माझी बाजू, तुझी बाजू, रेमंड ग्रिग. रेमंडची गरज नव्हती, पण तोही आला.

रॉझने कपाटातून नव्या मुलांना शिकवायचे दोन रबरी उंदीर काढले, एकाच्या डाव्या आणि दुसऱ्याच्या उजव्या कानाला खाच पाडली, एक बोगद्यात घालून त्याच्या नाकासमोर धरला. "कुठला?"

"डावा."

"उजवा. पुन्हा." तिने पाठीमागे हात नेऊन उंदीर बदलला, किंवा बदलला नाही. "कुठला?"

दहा वेळा विचारलं. दहाही वेळा तो चुकला. शेवटी शेवटी तर तो घाम पुसत, मुद्दाम विचार करून, मनापासून चुकत होता.

"दहापैकी दहा," रॉझ म्हणाली. तिचा आवाज विचित्र झाला होता. "एकदाही बरोबर नाही? क्लेम, शपथेवर सांग. त्या अकरा दिवसांत चुकून एकदासुद्धा बरोबर वाचलं असशील का?"

"नाही ग. त्यात मी फार नियमित आहे."

"देवाची कृपा! मध्येच कधी बरोबर आला असतास तर सगळ्याची खिचडी झाली असती." तिने संगणकावर आलेख उघडला. आठवड्यातून दोनदा उंदरांच्या शेपटीतून रक्ताचा थेंब ती स्वतः घेत असे, आणि त्यासाठी उंदीर तिच्याकडे पाठ करून बसत. तिचे कान बरोबरच होते. रक्तात आजार किती उरलाय ते दाखवणाऱ्या दोन रेघा होत्या. औषधवाल्यांची रेघ खाली खाली गेली होती आणि मग वळून वर निघाली होती. पाणीवाल्यांची वर वर गेली होती आणि मग वळून खाली निघाली होती. शेवटी दोघी एकाच ठिकाणी येऊन भेटल्या होत्या. "मी म्हटलं, औषधाची सवय झाली असेल त्यांना. आणि पाणीवाले का बरे होतायत, तर म्हटलं, उंदीरच ते." तिने बोट वळणावर ठेवलं. "बोगदे कधी आले?"

"सोमवारी. अकरावा दिवस."

बोट अकराव्या दिवसावरच होतं. चष्मा नव्हता, म्हणून क्लेमने नाक पडद्याला टेकवून ते पाहिलं.

"ज्याला औषध मिळालं त्याचा आजार उतरला," रॉझ हळूच म्हणाली. "कुणीही असो. इतका भिकार प्रयोग माझ्या हातून आजवर झाला नाही, आणि इतकं स्वच्छ उत्तरही मिळालं नाही." मग तिने नाक ओढलं आणि एकदम कडक झाली. "तीन वाजता तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने. सगळं लाल शाईत लिहायचं. आणि पाटी परत जाईल."

"जाऊ दे."

"केक राहील."

तीन वाजता क्लेमने सांगितलं. पाच डॉक्टर होते. चौघे त्याच्या डोक्याकडे बघत होते, अर्धं भादरलेलं, अर्धं झिपरं. पाचव्या, म्हाताऱ्या डॉक्टरणीने मात्र मान वर न करता लिहून घेतलं, तीन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "प्रयोग पुन्हा करा. पण तोवर थांबायला त्या मुलाकडे वेळ नाही. सोमवारी औषध सुरू करते." निघताना ती क्लेमसमोर थांबली. "ही चूक पुढच्यांना शिकवा. खाच कशी वाचायची ते भिंतीवर चित्र काढून लावा." आणि मग, कोरडेपणानेच, "न्हावी बदला."

पाच वाजता पांडेलिसने दुसऱ्या कुणालाही खुर्चीत बसू दिलं नव्हतं. "गुन्हेगार पुराव्याजवळ परत आला," असं म्हणून त्याने चादर झटकली. उजवी बाजू होईपर्यंत एवी आरशाखालच्या फळीवर हनुवटी टेकून ऐकत होती. क्लेमने तिला सगळं सांगितलं, उंदरांच्या मरणासकट.

"मग ते मूल बरं होणार?"

"माहीत नाही ग. सोमवारपासून औषध."

"त्याचं नाव काय?"

"नंबर सत्तेचाळीस. वय सहा. एवढंच ठाऊक आहे."

एवीला हे मुळीच पटलं नाही. "आजारात केस जातात ना त्यांचे? सगळे?"

"सगळे."

"मग परत येतात?"

"औषध लागू पडलं, की येतात."

"कापण्याएवढे व्हायला किती दिवस?"

क्लेमने वर बघितलं. हा प्रश्न त्याच्या खात्यातला नव्हता. पांडेलिसने कात्री थांबवली आणि अगदी गंभीरपणे, हवेत एका लहान डोक्यावर बोटं फिरवावीत तशी फिरवून सांगितलं, "सहा महिने. दाट असतील तर पाच."

एवीने गल्ल्याजवळची नोंदवही घेतली, ज्यात कुणी किती वाजता केस कापायला यायचं ते लिहिलेलं असे. ती बोटांवर महिने मोजत पानं उलटत गेली. वही डिसेंबरलाच संपत होती. तेव्हा तिने पट्टी घेतली, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर सावकाश रेघा मारल्या, वर 'मार्च' लिहिलं, आणि पहिल्या रकान्यात, सकाळी नऊला, लिहिलं: नंबर ४७, वय ६. केस शांत बसून कापून घेणाऱ्या मुलांसाठी ठेवलेल्या बरणीतलं एक लाल लॉलीपॉप काढून तिने चिकटपट्टीने त्याशेजारी चिकटवलं. मग थोडी मागे सरकून बघितलं, काहीतरी आठवल्यासारखं केलं, रबर घेतलं, सहाचा आकडा नीट खोडला, फुंकर मारली आणि तिथे सात लिहिला.